कुत्र्यांचा संसार आणि आमच्या घरचा हिशोब

पहाटे पाच वाजता आमच्या घरी गजर लावावा लागत नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून आधी एकाचा आवाज येतो, मग दुसऱ्याचा, आणि पाच मिनिटांत सगळ्यांचा गलका सुरू होतो. आमच्या सौ. गॅसवर मोठे पातेले चढवतात, थोरला मुलगा खराटा आणि बादली घेऊन शेडकडे जातो आणि आम्ही चहाच्या आधी दाराशी टांगलेली वही उघडतो. आज कोण कोण मुक्कामी आहे, कोणाला कसले औषध चालू आहे, कोणाचा मालक केव्हा न्यायला येणार आहे, हे सगळे त्या वहीत लिहिलेले असते. कारकुनाच्या घरात धंदा निघाला तरी वही काही सुटत नाही, असे आमच्या सौ. म्हणतात.

बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या एका गावात आमचे घर आहे. दिवसा आम्ही बारामतीत कारकुनी करतो, सुट्टीच्या दिवशी समाजाच्या कामात असतो आणि उरलेल्या वेळात, म्हणजे पहाटे आणि रात्री, घरच्यांबरोबर कुत्री सांभाळतो. या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. लोक विचारतात, "साहेब, हा काय उद्योग काढला?" याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख लिहीत आहोत. आपल्या समाजातील पुष्कळ तरुण आज जोडधंदा शोधत आहेत. शेळी, कोंबडी, गाय यांची माहिती देणारे बरेच जण भेटतात. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र मोबाईलवर फक्त पिल्लांच्या किमती दिसतात. घाण कोण काढते, पिल्लू मेले तर काय होते आणि पिल्ले देणाऱ्या आईचे पुढे काय होते, हे कोणी सांगत नाही.

सुरुवात कशी झाली

बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी करणारे एक परप्रांतीय कुटुंब आमच्या ओळखीचे होते. २०१९ च्या दिवाळीत त्यांना गावी जावयाचे होते. घरात लॅब्रॅडोर जातीचा कुत्रा. रेल्वेत नेण्याचा त्रास, शेजारी ठेवून घेईनात. त्यांनी संकोचत विचारले, "दहा दिवस तुमच्याकडे ठेवाल का?" आमच्या मातोश्रींना कुत्र्यामांजरांची आवड. त्यांनी आमच्या आधीच होकार दिला. दहा दिवसांनी ते कुटुंब परत आले तेव्हा कुत्रा मालकाकडे धावला, आणि गाडीत बसण्याआधी एकदा मागे वळून मातोश्रींचा हात चाटून गेला. त्या कुटुंबाने बळेबळे पैसे हातात ठेवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत असे तीन कुत्रे येणार, असे ठरले होते. पण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, कोणी कोठे गेलेच नाही आणि आमचे शेड रिकामे राहिले.

त्याच वर्षी सांगोल्याकडच्या एका परिचित कुटुंबाने आम्हाला कारवान जातीचे मादी पिल्लू दिले. लांब पाय, चिंचोळे तोंड, आत गेलेले पोट. मुलीने तिचे नाव हरिणी ठेवले. आमच्या धंद्याची आणि आमच्या घरातल्या वादाचीही सुरुवात या हरिणीपासून झाली.

आपल्या मातीतली जात

कारवान हा कुत्रा आपल्या भागाला नवा नाही. सोलापूर, सांगली, विजापूर, बागलकोट या कोरड्या पट्ट्यात शेतकरी आणि मेंढपाळ तो पिढ्यान् पिढ्या पाळत आले आहेत. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडून याचे पूर्वज दख्खनेत आले असे मानतात, आणि तांडा म्हणजे कारवान, त्यावरून हे नाव पडले. अंगावर मऊ लांब केस असणाऱ्या प्रकाराला पश्मी म्हणतात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, इंग्लंडच्या बादशहाला भेट दिली आणि तेव्हापासून तिला मुधोळ हाऊंड असेही नाव मिळाले.

भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र आहे. त्या भागात अनेक साधी शेतकरी कुटुंबे ही कुत्री पाळून त्यावर चार पैसे मिळवतात. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात देशी कुत्री पाळा असे सांगितले, आणि त्यानंतर आमच्यासारख्यांकडेही "पिल्लू आहे का?" असे फोन येऊ लागले.

ही जात आमच्या हवामानाला मानवते. अंगावर आखूड केस, त्यामुळे ऊन त्या मानाने सोसते. तरीही मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की कोणत्याही कुत्र्याची परीक्षाच असते. माणसासारखा घाम कुत्र्याला सगळ्या अंगाला येत नाही. धापा टाकून, जीभ बाहेर काढूनच ते अंग थंड करते. पत्र्याखाली दुपारी भट्टी होते, म्हणून आम्ही पत्र्यावर उसाचे पाचट अंथरले, वर पाणी मारण्याची सोय केली आणि दोन्ही बाजूंना गोणपाटे बांधली. थंड प्रदेशातली दाट केसांची कुत्री उन्हाळ्यात मुक्कामाला ठेवा म्हणून कोणी आले तर आम्ही सरळ नाही म्हणतो. त्या जनावराचा जीव आमच्या शेडमध्ये टिकणार नाही आणि त्या पैशाला आम्हाला हात लावावयाचा नाही.

दिवस कसा जातो

सकाळचे पहिले काम सफाईचे. घाण उचलताना नुसती उचलावयाची नाही, बघावयाची. पातळ आहे का, रक्त आहे का, जंत दिसतात का, हे थोरला रोज पाहतो आणि वहीत खूण करतो. कुत्र्याचे दुखणे आधी तेथे आणि मग खाण्यात दिसते. त्यानंतर फरशी धुणे, पाण्याची भांडी घासणे, अंथरुणे उन्हात टाकणे. मग एकेकाला पट्टा बांधून पांदीच्या रस्त्याने फिरवून आणणे. एकाच वेळी दोन अनोळखी नर सोडावयाचे नाहीत, हा धडा आम्ही मनगटावर चार टाके घेऊन शिकलो.

खाण्याचे गणित प्रत्येकाचे निराळे. घरच्या कुत्र्यांना बाजरी-ज्वारीची भाकरी, ताक, अंडी आणि आठवड्यातून काही वेळा उकडलेले चिकन, हाडे काढून. शिजवलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि आतडे फाडतात. मुक्कामी कुत्र्यांचे खाणे मालकांनी घरूनच आणावे, असा आमचा नियम आहे, कारण खाणे बदलले की पोट बिघडते. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला देऊ नये, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे. आमच्याकडे येणारे पाहुणे प्रेमाने बिस्किटाच्या पुड्याबरोबर चॉकलेटही पुढे करतात, त्यांच्यासाठी ते लिहिणे आहे.

दुपारी सौ. एकट्या असतात. त्या वेळी त्या गोचीड काढतात. कानात, बोटांच्या बेचक्यात, मानेखाली पट्ट्याच्या आड गोचीड दडलेली असते. तिच्यामुळे येणारा ताप कुत्र्याचे रक्त कमी करतो आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर जीव घेतो. संध्याकाळी आम्ही नोकरीवरून आलो की पुन्हा फिरवणे, खाणे, सफाई. रात्री दहाला शेडला कुलूप. अलीकडे आमच्या उसाच्या पट्ट्यातही बिबट्याच्या बातम्या येतात. म्हणून शेडला वरूनही जाळी ठोकली आहे आणि रात्री दिवा चालू ठेवतो.

या सगळ्यात सुट्टी नाही. सहा वर्षांत आम्ही सगळे मिळून एकदाही ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाऊ शकलो नाही. एक वर्ष सौ. आणि मुलगी जातात, एक वर्ष आम्ही आणि थोरला. मातोश्री म्हणतात, "मी बाबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते, तुम्ही जाऊन या. ही पोरं कोणाच्या भरवशावर टाकायची?"

मुक्कामी पाहुण्यांचे नियम

दिवाळी, मे महिना आणि लग्नसराई हे आमचे हंगाम. बारामतीतले डॉक्टर, बँकेतले लोक, कारखान्यातले कर्मचारी, इंदापूरकडचे बागायतदार असे निरनिराळे लोक कुत्री ठेवतात. कुत्रा घेताना आम्ही चार गोष्टी पाहतो. लसीचे कार्ड, तेही हातात घेऊन, तारीख आणि डॉक्टरांची सही वाचून. अंगावर गोचीड-पिसवा आहेत का. मालकाचा आणि त्यांच्या डॉक्टरांचा फोन नंबर. आणि घरची एक जुनी चादर किंवा मालकाचा वापरलेला सदरा. त्या वासावर कुत्रा पहिली रात्र काढतो. काही कुत्री दोन दिवस खात नाहीत, दाराकडे तोंड करून बसतात. अशा वेळी मातोश्री शेडमध्ये पाट टाकून बसतात आणि निवडण-टिपण करता करता त्यांच्याशी बोलत राहतात. तिसऱ्या दिवशी कुत्रा जेवतो.

फटाके आणि मोठ्या आवाजाचा कुत्र्यांना फार त्रास होतो. माणसाला ऐकू न येणारे बारीक आवाजही त्यांना ऐकू येतात. दिवाळीत ती थरथरतात, जाळी कुरतडतात, काही जण कोपऱ्यात लघवी करतात. आपल्याच माणसांना सांगावयाचे तर १४ एप्रिलच्या रात्रीही आमच्या शेडमध्ये असेच होते. आमच्या गावच्या जयंती समितीत आम्ही स्वतः आहोत. दोन वर्षांपूर्वी आम्ही बैठकीत हा विषय काढला. काही जण हसले. पण एका वस्तीतल्या आजारी म्हातारीचा आणि तान्ह्या मुलांचा विषय निघाला तेव्हा सगळे गप्प झाले. आता मिरवणुकीत डीजेऐवजी लेझीम आणि बँड असतो. कुत्र्यांच्या निमित्ताने माणसांचेही भले झाले.

एका वेताची गोष्ट

हरिणी दोन वर्षांची झाल्यावर २०२२ मध्ये तिला पहिल्यांदा नर दाखवला. कुत्रीचे गाभणपण साधारण ६३ दिवसांचे असते. शेवटच्या आठवड्यात रोज दोनदा ताप मोजतो. नेहमी १०१ ते १०२ च्या आसपास असणारे तापमान ९९ च्या खाली उतरले की चोवीस तासांत ती विणार असे समजावे. त्या रात्री सौ. आणि थोरला जागे होते. पहाटेपर्यंत सहा पिल्ले झाली. डोळे मिटलेले, उंदरासारखी. दहा ते चौदा दिवसांत त्यांचे डोळे उघडतात, तीन आठवड्यांनंतर ती हळूहळू पातळ खाणे चाटू लागतात. घरात लहान मूल आल्यासारखे झाले होते.

पिल्ले पाच आठवड्यांची असताना आमच्या हातून चूक झाली. ओळखीच्या एका गृहस्थाने आपले चार महिन्यांचे पिल्लू मुक्कामाला आणले. "सगळ्या लसी झाल्यात," असे ते म्हणाले. आम्ही घाईत होतो, कार्ड मागितले नाही. तिसऱ्या दिवशी ते पिल्लू ओकू लागले आणि रक्ताची हगवण सुरू झाली. तो पार्वो होता. त्या पिल्लाला बारामतीच्या डॉक्टरांनी सलाईन लावून वाचवले. पण तोवर एकाच खराट्याने दोन्हीकडची सफाई झाली होती, आमच्याच चपला दोन्हीकडे फिरल्या होत्या. आठवड्याच्या आत हरिणीची पिल्लेही पडली. रात्र-रात्र थोरला त्यांना मांडीवर घेऊन सलाईनची बाटली धरून बसला. सहापैकी तीन गेली.

हरिणी पुढचे कित्येक दिवस कोपरे हुंगत फिरत होती. मुलगी शाळेतून येऊन तिच्याजवळ बसे. दोष त्या गृहस्थांचा होता असे आम्ही म्हणू शकलो असतो, पण कार्ड पाहण्याचे काम आमचे होते. पार्वोचे विष मातीत महिनोन् महिने टिकते. साध्या फिनेलने ते मरत नाही, ब्लीचिंगचे पाणी लागते. आम्ही शेड रिकामे केले, जमीन खरवडून कोबा केला आणि पिल्लांसाठी घराच्या दुसऱ्या अंगाला निराळी खोली बांधली. तिचा खराटा, बादली, चपला सगळे वेगळे. तेव्हापासून कार्ड पाहिल्याशिवाय सख्ख्या मेहुण्याचाही कुत्रा आम्ही आत घेत नाही.

वहीतला हिशोब

पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या वेताचा हिशोब आम्ही बी.कॉम. केलेल्या माणसासारखा पैशापैशाने मांडला. तो वाचकांपुढे ठेवतो, कारण आकडे खोटे बोलत नाहीत. गाभणपणातले खाणे, तपासणी आणि औषधे ६,००० रुपये. विल्यानंतरच्या दोन महिन्यांत आईचे आणि पिल्लांचे खाणे ९,०००. सहा पिल्लांतले एक पहिल्या आठवड्यात गेले. उरलेल्या पाचांना जंताचे औषध आणि लसी ७,५००. वीज, ब्लीचिंग, गोणपाटे, येणे-जाणे २,५००. एकूण खर्च २५,०००. चार पिल्ले प्रत्येकी ९,००० रुपयांना गेली, म्हणजे ३६,००० आले. पाचवे कोणी नेले नाही, ते घरीच राहिले. हातात उरले ११,०००. गाभणपणाचे दोन महिने आणि पिल्लांचे दोन महिने, असे चार महिने धरले तर रोजचे ९२ रुपये झाले. त्यात तीन माणसांची मेहनत आणि रात्रीची जागरणे मोजलेली नाहीत.

याउलट एक कुत्रा दहा दिवस मुक्कामी राहिला तर ३५० रुपये रोजाप्रमाणे ३,५०० रुपये मिळतात, आणि खाणे मालकाचे. म्हणजे आमचे घर पिल्लांवर चालत नाही, ते सांभाळण्यावर चालते. पिल्लांच्या किमती ऐकून या धंद्यात उडी घेणाऱ्या तरुणांनी हे गणित आधी कागदावर मांडावे. ज्यांना पिल्लांवरच घर चालवावयाचे असते, त्यांना एकच मार्ग उरतो. त्याच मादीकडून पुन्हा पुन्हा पिल्ले घ्यावयाची. आमच्या घरात वाद झाला तो याच ठिकाणी.

घरातला वाद

दुसऱ्या वेतानंतर काही महिन्यांत हरिणी पुन्हा माजावर आली. पुण्याकडच्या एका इसमाने फोन केला. सगळी पिल्ले एकगठ्ठा घेतो, दुप्पट भाव देतो, आगाऊ रक्कम आज पाठवतो. त्याला ही कुत्री शर्यतीला आणि शिकारीला हवी होती. थोरल्याच्या डोक्यात मोटारसायकलचा हप्ता होता, मुलीच्या शिकवणीची फी होती. तो म्हणाला, "पप्पा, एकदाच." आम्हीही डळमळलो, हे कबूल करतो.

मातोश्रींनी हरिणीला हाक मारून जवळ घेतले आणि थोरल्याचा हात तिच्या बरगड्यांवरून फिरवला. "तिचं अंग बघ आधी. सहा लेकरांना पाजलंय तिनं. तुझ्या आजोबांच्या घरात मीही वर्षाआड बाळंत झाले. मला कोणी विचारलं नव्हतं." घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. थोरल्याने उठून त्या इसमाला फोन केला आणि नकार कळवला.

शिकारीच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात आणि इंदापूरच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा हरणे आहेत, लांडगे आहेत. त्यांच्या मागे सोडण्यासाठी आम्ही पिल्लू विकावयाचे, हे आमच्याकडून होणार नाही. आता पिल्लू देण्याआधी आम्ही घेणाऱ्याचे घर पाहून येतो आणि कुत्रा मोकळा रानात सोडणार नाही असे त्याच्याकडून लिहून घेतो.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले की मातोश्रींनी जे सांगितले ते कायद्यातही आहे. कुत्र्यांची पैदास व विक्री यांबाबत केंद्र सरकारने २०१७ मध्ये नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. अठरा महिन्यांच्या आतल्या मादीपासून पिल्ले घेऊ नयेत. वर्षात एकच वेत, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेते नकोत. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये. प्रत्येक जनावराची नोंदवही ठेवावी. आम्ही सुरुवात केली तेव्हा हे आम्हाला माहीत नव्हते. कळल्यावर कागदपत्रे गोळा करून नोंदणी केली. आपल्या तरुणांनी हे उलट क्रमाने करू नये.

विहारात निघालेला प्रश्न

एकदा वर्षावासात विहारात ग्रंथवाचन झाल्यावर एका वयोवृद्ध बांधवांनी आम्हाला सर्वांसमोर दोन प्रश्न विचारले. पहिला असा, "ज्या तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी होते तेथे आपल्याला बंदी होती. चवदार तळ्यावर बाबासाहेबांना जावे लागले. आणि तुम्ही आता लोकांच्या कुत्र्यांची घाण काढता?" दुसरा असा, "भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले. शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. तुम्ही जीव विकता, त्याचे काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेथेच दिले. २० मार्च १९२७ रोजी महाडला जो अन्याय मोडला, तो माणसाने माणसावर केलेला होता, कुत्र्याने केलेला नव्हता. पूर्वी गावची घाण आपल्या लोकांवर लादलेली होती. नाही म्हणण्याची सोय नव्हती आणि मोबदला ठरविण्याचा अधिकार नव्हता. आज आम्ही दर स्वतः ठरवतो, नियम स्वतः लावतो, आणि मोठ्या गाडीतून आलेल्या माणसालाही कार्ड नसेल तर परत पाठवतो. मालक आमच्या ओट्यावर बसून आमच्याच घरचा चहा पितात. हा फरक लहान नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड होते. अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात ते पाच व्यापार आले आहेत. जिवांचा व्यापार म्हणजे माणसांची खरेदी-विक्री, असा अर्थ जुन्या अट्ठकथेत दिला आहे, हे विहारातल्या भन्तेजींनी समजावून सांगितले. पण तेवढ्याने आमच्या मनाचे समाधान झाले नाही. अर्थ काहीही लावला तरी शेडमधल्या त्या आईला जीव आहे, तिला दुखते, पिल्लू गेले की ती शोधते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून घरच्या सगळ्यांनी बसून ठरविले, मुख्य काम सांभाळण्याचे. पिल्ले क्वचित, आणि तीही आईच्या तब्येतीच्या आत. हरिणीचे तिसरे वेत २०२५ मध्ये झाले आणि ते शेवटचे. पुढे तिचे ऑपरेशन करून घेतले. पिल्ले देत नाही म्हणून तिला कोठे पाठवावयाचे नाही, ती येथेच म्हातारी होणार.

चावल्यास काय करावे

कुत्र्यांत राहणाऱ्याने एक गोष्ट सर्वांना सांगितली पाहिजे. पिसाळलेला कुत्रा चावून रेबीज झाला आणि लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही, असेच समजावे. पण चावल्याबरोबर नीट उपाय केला तर तो टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना, तंबाखू काही लावू नये. मांत्रिकाकडे जाऊ नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. दंडात घ्यावयाची लस साधारणपणे चावल्याचा दिवस, मग तिसरा, सातवा, चौदावा आणि अठ्ठाविसावा दिवस अशी असते. डॉक्टर सांगतील तेवढी सर्व इंजेक्शने पूर्ण करावीत, मधेच सोडू नयेत. जखम खोल असेल तर जखमेत देण्याचे वेगळे इंजेक्शनही लागते. पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस आणि नंतर दरवर्षी. घरातल्या पिल्लाचा नुसता ओरखडा असला तरी लहान मुले भीतीने लपवतात. त्यांना रागावू नये, विचारावे.

शेवटी

आमची मुलगी आता बारावीला आहे. पार्वोच्या त्या आठवड्यात डॉक्टर सलाईनची सुई लहानशा पायात कशी लावतात हे तिने जवळून पाहिले आणि पशुवैद्यक व्हायचे ठरविले. त्यासाठी नीटची परीक्षा द्यावी लागते. शिरवळचे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आमच्यापासून फार दूर नाही. आपल्या मुलामुलींनी याही वाटेचा विचार करावा, कारण गावागावात जनावरे आहेत आणि डॉक्टर कमी पडतात.

ज्यांना आमच्यासारखे काही करावयाचे असेल त्यांनी पिल्लू विकत घेऊन सुरुवात करू नये. आधी शेजाऱ्याचा एक कुत्रा आठ दिवस सांभाळून पाहावा. पहाटे पाचला उठवते का, घाण काढण्याचा कंटाळा येतो का, शेजारी काय म्हणतात आणि घरातल्या बायकांवर किती काम पडते, हे त्या आठ दिवसांत कळते. मग वही घ्यावी, खर्च लिहावा आणि घरातल्या सर्वांना विचारून निर्णय करावा.

हे लिहीत असताना रात्रीचे अकरा वाजले आहेत. शेडला कुलूप लागले आहे, उद्या दोन पाहुणे घरी जाणार आहेत, तसे वहीत टिपून ठेवले आहे. हरिणी आमच्या खुर्चीखाली पाय ताणून झोपली आहे.